दोन मिनिटांची बादली

फाटकापासून दारापर्यंत एकतीस फरश्या होत्या. या घरात येऊन थोरलीला बावीस वर्षं झाली होती, पण तिनं त्या कधी मोजल्या नव्हत्या. बुधवारी सकाळी नणंदेचा फोन ठेवला आणि चपला न घालताच बाहेर येऊन तिनं त्या पहिल्यांदा मोजल्या.

नणंद मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स. तिचं बोलणं टाके घातल्यासारखं, एकही सैल नाही. ती म्हणाली होती, "आईचं प्लॅस्टर निघालं. वॉकर धरून चालतेय. घरी जायचं म्हणून तीन दिवस माझ्याशी धड बोलत नाही. रविवारी दहाला घेऊन येते. पण वहिनी, आधीच सांगते. फाटकात उतरले की आधी मी चालून बघणार. माझी चप्पल जराशी जरी सरकली ना, तर गाडी तिथूनच माघारी. मग आई कायमची माझ्याकडे. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"वन्सं, मी फरश्या घासून..."

"घासते म्हणून तुम्ही मागेही म्हणाला होतात."

ते खरं होतं. ती घासायची. खराट्यानं घासायची, तारेच्या ब्रशनं घासायची. पण एका बाजूला उंच भिंत, वर झाडाची सावली. ऊन त्या वाटेवर पाहुण्यासारखं यायचं आणि पाणीही न पिता जायचं. हिरवं शेवाळ काळं पडून दगडाच्या अंगातच मुरलं होतं. दोन महिन्यांपूर्वी सासूबाई फाटक लावायला गेल्या. फाटकाची वरची बिजागरी तुटलेली, त्यामुळे ते उचलून लावावं लागे. त्यांनी उचललं, पाय सरकला आणि फाटकापासून दुसऱ्या फरशीवर त्या पडल्या. घोटा मोडला, आणि नणंद त्यांना आपल्याकडे घेऊन गेली.

सासू-सुनेचं जग म्हणजे पुढच्या खोलीतलं लांब टेबल. दोघी पुस्तकबांधणी करायच्या. शाळांची, वाचनालयांची फाटकी पुस्तकं यायची; सासूबाई पानं शिवायच्या, थोरली पुठ्ठे चिकटवायची. शिवता शिवता सासूबाई काहीतरी गुणगुणायच्या, शब्द त्यांचेच, चालही त्यांचीच, आणि थोरली नकळत त्या लयीत खळ फिरवायची. गेले दोन महिने ती एकटीच दोन्ही कामं करत होती. टाके पडत होते, पण गुणगुणणं नव्हतं. हातातल्या पुस्तकाशीसुद्धा आपण बोलत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं.

तिनं दुसऱ्या फरशीवर उभं राहून टाच फिरवली. टाच लोण्यावरून फिरावी तशी फिरली.

"रविवारी दहाला," ती स्वतःशीच म्हणाली. "बरं."

*

खराट्यानं हे व्हायचं नाही, पाण्याचा जोर मारणारं मशीन, ते प्रेशर वॉशर, आणावं लागेल, असं तिनं संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. आणि तिथेच चुकलं. कारण घरात दोन तज्ज्ञ होते.

नवरा विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची गुंडाळायची. गल्लीत त्याला वाइंडिंगवाला म्हणत. त्याच्या समोरच्याच गाळ्यात त्याचा धाकटा भाऊ, पेट्रोल इंजिनं दुरुस्त करणारा. तो इंजिनवाला. दोघं भाऊ एका ताटात जेवलेले, पण विजेची बाजू खरी की तेलाची, यावरून तीस वर्षं त्यांचं जमलं नव्हतं.

"इलेक्ट्रिकच घ्यायचं," नवरा म्हणाला. "बटण दाबलं की चालू. आवाज नाही, धूर नाही. तीन हजार वॅटचं एक आलंय बाजारात, त्याची मोटार बघशील तर..."

"दादा, ते केस वाळवायला बरंय," दीर दारातूनच म्हणाला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण असल्या बोलण्याचा वास त्याच्या गाळ्यापर्यंत जायचा. "वहिनी, पेट्रोलचं घ्या. दोनशे बार दाबाचा फवारा. शेवाळ काय, शेवाळाची सात पिढ्यांची नावं पुसेल."

"आणि चालू होईपर्यंत दोरी ओढून खांदा निखळेल. तुझी गिऱ्हाइकं इंजिनं घेऊन येतात की खांदे?"

"तुझ्याकडे तरी जळक्या मोटारीच येतात ना? चांगल्या असत्या तर आल्या असत्या का?"

"अहो," थोरली मध्ये पडली, "मला मशीन चांगलं की वाईट ते नकोय. मला रविवारपर्यंत एकतीस फरश्या हव्यात."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं, माना डोलावल्या आणि पुन्हा एकमेकांकडे वळले. भाजी गार झाली तरी बार आणि वॅट चालूच होते. शेवटी दिरानं टेबलावर थाप मारली. "उद्या मी माझ्या गिऱ्हाइकाचं पेट्रोलचं मशीन आणतो. डोळ्यांनीच बघा."

"आणशील ना नक्की?" थोरलीनं विचारलं.

"म्हणजे काय वहिनी! मी येईन म्हटलं की येतोच."

थोरलीनं दाराबाहेर फाटकाकडे पाहिलं. फाटकाची बिजागरी बसवायलाही तो दोन वर्षं येणारच होता. तिच्या नजरेचा अर्थ दिराला कळला आणि त्याची मान खाली गेली. आई पडल्यापासून त्या फाटकाकडे तो नीट बघत नव्हता.

*

पण गुरुवारी तो आला. दोन चाकांचं ते धूड ढकलत, घामाघूम होऊन, सांगितल्या वेळेच्या आधी आला. अंगणातल्या नळाला पाइप जोडला, तीनदा दोरी ओढली. चौथ्यांदा इंजिन असं गरजलं की झाडावरचे पक्षी दुसऱ्या झाडावर गेले.

"बघा!" तो ओरडला. पहिल्या दहा सेकंदांत खरोखर चमत्कार झाला. काळ्या फरशीवर एक पांढरा पट्टा उमटला, जणू कोणी खडूनं ओढला. थोरलीचं काळीज सुपाएवढं झालं. "द्या माझ्याकडे," ती म्हणाली.

तिनं फवाऱ्याची गन हातात घेऊन चाप दाबला. गननं असा मागे झटका दिला की ती दोन पावलं मागे सरकली, आणि फवारा फरशीवरून घसरून सांध्यात गेला. सांध्यातला चुना, माती, सगळं भिंतीवर उडालं. नवरा अंगणाच्या कडेला हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघवत नव्हतं.

आणि मग मशीनला उचकी लागली. फवारा यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. इंजिन नुसतंच गरजत होतं. नळापासून मशीनपर्यंतचा रबरी पाइप रिकाम्या पिशवीसारखा चपटा झाला होता.

"नोझलमध्ये कचरा असेल," दीर म्हणाला.

"इंजिनातच कचरा असतो," नवरा म्हणाला.

दोघं वाकून मशीन उघडायला लागले. थोरली मात्र त्या चपट्या पाइपकडे बघत राहिली. दोन महिन्यांच्या बाळाला दूध पुरत नसलं की बाटलीचं रबर असंच आत ओढलं जातं.

"भावजी, याला मिनिटाला पाणी किती लागतं?"

दिरानं वर पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं दिराकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, दोघांनाही माहीत नव्हतं.

दिरानं मशीनवरची पाटी पुसून वाचली. "बारा लिटर."

थोरली आत गेली. स्वयंपाकघरातलं घड्याळ खिळ्यावरून उतरवलं, पंधरा लिटरची बादली घेतली आणि नळाखाली ठेवून नळ पूर्ण सोडला. घड्याळ मांडीवर घेऊन तिथेच उकिडवी बसली. भाऊ दोन्ही बाजूंना उभे. बादली भरून वाहिली तेव्हा सेकंदकाटा बरोबर दोनदा फिरला होता.

"दोन मिनिटांत पंधरा. म्हणजे मिनिटाला साडेसात," ती उठत म्हणाली. "आणि हे मागतंय बारा. आडातच नाही भावजी, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"पिंप लावू की वहिनी! पिंप भरून ठेवायचं, त्यातून..."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात काय?"

"शेवाळ पुन्हा येणार. त्याच्या पुढच्या महिन्यातही येणार. दर महिन्याला पिंप कोण मांडणार, दोरी कोण ओढणार? तुम्ही?"

दिरानं तोंड उघडलं.

"मी येईन म्हणू नका," ती हळूच, पण ठामपणे म्हणाली. "हे काम माझ्या हातानं व्हायला हवं. माझ्या हाताला पेलेल आणि माझ्या नळाला पुरेल, असंच मशीन हवं."

नवऱ्यानं घसा खाकरला. "म्हणजे इलेक्ट्रिक. मी काल तेच..."

"अहो, तुमच्या तीन हजार वॅटवाल्याला पाणी किती?"

नवऱ्यानं खिशातून माहितीपत्रक काढलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि घडी करून परत खिशात ठेवलं.

"दहा," तो म्हणाला.

*

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ती पायरीवर होती. मागे दोघं भाऊ, शाळेत पालकांना बोलावलेल्या पोरांसारखे.

दुकानदार गोड माणूस. त्याच्याकडे दोन्ही प्रकार होते, म्हणून त्याला दोन्ही चांगले वाटायचे. "ताई, पेट्रोलचं म्हणजे ताकद. इलेक्ट्रिक म्हणजे सोय. आता तुम्हाला ताकद हवी असेल तर..."

"मिनिटाला साडेसात लिटरच्या आत चालणारं दाखवा."

दुकानदार थबकला. हा प्रश्न त्याला वीस वर्षांत कोणी विचारला नसावा. तो प्रत्येक मशीनची पाटी वाचत, पुटपुटत पार मागच्या रांगेत गेला आणि एक छोटंसं पिवळं मशीन घेऊन आला. लहान मुलाच्या सायकलीएवढं. "सहा लिटर. पण ताई, हे... बाल्कनी, दुचाकी, खुर्च्या यांच्यासाठी घेतात लोक. एकतीस फरश्या म्हणजे..."

"होणार नाहीत?"

"होतील. वेळ लागेल."

"हे तर खेळणं आहे," दीर कुजबुजला.

"मोटार बघ केवढीशी," नवराही कुजबुजला. पुन्हा एकमत.

थोरलीनं गन हातात घेऊन तोलून पाहिली. हलकी होती. पुस्तकावर पुठ्ठा दाबायच्या लाकडी ठोकळ्याएवढी. "वेळ आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "रविवार सकाळपर्यंत. बांधा."

*

घरी आल्यावर नवऱ्याचं काम सुरू झालं, आणि तिथे मात्र कोणी त्याच्या पासंगाला पुरणारं नव्हतं. दिव्यासाठी वापरायची लांब बारीक वायर थोरलीनं आणली, ती त्यानं तिच्या हातातून काढून घेतली.

"ही लावलीस तर मोटारीपर्यंत वीज अर्धपोटी पोचेल. उपाशी मोटार आधी तापते, मग जळते. माणसासारखंच." त्यानं गाळ्यातून बोटाएवढी जाड वायर आणली, स्वतः जोडली, झटका बसायच्या आत वीज तोडणारं बटण मध्ये बसवलं आणि जोड जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवला. "आणि ऐक. वीस मिनिटं चालवायचं, दहा मिनिटं थांबायचं. तेवढं माझं ऐक."

"तेवढं ऐकते," ती म्हणाली.

ती दारापासून सुरू झाली, म्हणजे उताराला घाण पाणी फाटकाकडे वाहील. पहिल्या फरशीवरच तिला युक्ती कळली. नोझल सरळ धरलं की सांधा उखडतो, वीतभर अंतरावरून तिरपं धरलं की शेवाळाची साल निघते, जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा पानं न फाडता सोडवावा तशी. पट्टा बोटभरच रुंद. एक पट्टा, त्याला लागून दुसरा. कीर्तनात मागे झील धरणारा असतो ना, तो कधी पुढे येत नाही, पण सूरही सोडत नाही. ते मशीन तसंच चाललं होतं, एका सुरात. आणि तिसऱ्या फरशीला थोरलीच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. सासूबाईंचीच चाल.

शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत अकरा फरश्या झाल्या. ओल्या अंगणात उजेडाशिवाय वीज नको, म्हणून नवऱ्यानं प्लग काढला. शनिवारी ती सातला उभी राहिली. दर वीस मिनिटांनी नवरा गाळ्यातून यायचा, नाडी बघावी तसा मोटारीवर तळवा ठेवायचा, आणि "बस आता" म्हणायचा. ती बसायची. दहा मिनिटांनी उठायची. तिच्या पाठीचे तुकडे झाले होते, पायांची बोटं पाण्यानं सुरकुतली होती, पण मागे वळून बघितलं की दगडाचा खरा रंग दिसायचा, फिकट राखाडी, मध्येच निळसर रेघ. बावीस वर्षांत तो रंग तिनं पाहिलाच नव्हता.

दुपारी दीर आला. हातात स्क्रू, नवी बिजागरी आणि एक गोणी बारीक रेती. आधी फाटक उतरवलं, बिजागरी ठोकली, तेल सोडलं. मग गुडघे टेकून एकेका सांध्यात रेती भरत बसला, गुरुवारी उडवलेल्या सांध्यापासून सुरुवात करून.

"भावजी, चहा?"

"फाटक एकदा लावून बघा वहिनी," तो वर न बघता म्हणाला.

तिनं एका बोटानं ढकललं. फाटक आपोआप जाऊन बसलं. "खरंच आलात की," ती म्हणाली. त्यानं मान आणखी खाली घातली, पण कान लाल झालेले दिसले.

एकोणतीस फरश्या झाल्या आणि फवारा मंदावला. थोरलीनं ताबडतोब चाप सोडला, बटण बंद केलं. नळाची धार करंगळीएवढी झाली, मग थेंब, मग काहीच नाही. रस्त्यावर कुठेतरी जलवाहिनीचं काम निघालं होतं. पाणी उद्या सकाळी, असं समोरच्यांनी सांगितलं.

दोन राहिल्या. फाटकाजवळच्या. त्यातली एक तीच.

थोरली रात्री जेवली, भांडी आवरली आणि देवापुढे हात जोडले. मागणं लांबलचक नव्हतं. "नळ सोड," एवढंच म्हणाली.

*

रविवारी पाणी आलं ते पावणेदहाला, तेही गढूळ; ते निवळलं आणि दहाला पाच कमी असताना गाडी फाटकाशी थांबली. नणंदेचं घड्याळ दवाखान्याचं.

थोरली गन हातात घेऊन, कोपरापर्यंत ओली, फाटकाच्या आत उभी होती. सांगायचं ते तिनंच आधी सांगून टाकलं. "वन्सं, दोन फरश्या राहिल्यात. पहिल्या दोन. काल पाणी गेलं. यांच्यावर पाय ठेवू नका, सरकाल. मला अर्धा तास द्या."

नणंदेनं मागे एकतीसच्या जागी एकोणतीस फिकट फरश्या पाहिल्या, पुढे दोन काळ्या पाहिल्या. "वहिनी, मी काय म्हणाले होते?"

"गाडी वळवीन म्हणालात. वळवा. पण अर्ध्या तासानं वळवा."

"अगं ए," गाडीतून आवाज आला, "माझ्यावरून तुमचं चाललंय ना? मग मला खाली उतरवा आधी."

नवऱ्यानं खुर्ची आणली. सासूबाई फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसल्या, वॉकर बाजूला. थोरली त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिचा ओला हात धरून ठेवला. "किती वाळलीस गं. पुस्तकं किती साठलीत?"

"सेहेचाळीस."

"शिवलीस तू? मग उसवावी लागतील." त्या हसल्या आणि मग त्यांची नजर दुसऱ्या फरशीवर गेली. हसू तिथेच थांबलं. हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. थोरलीनं ते पाहिलं. नणंदेनंही पाहिलं, चप्पल सरकण्याआधी आईच सरकत होती, मनातल्या मनात.

"बघितलंस आई?" नणंद हळूच म्हणाली. "म्हणून म्हणते, चल माझ्याकडे."

थोरलीनं पहिली फरशी धुवायला घेतली. बारा मिनिटांत झाली. मग ती थांबली, उघड्या फाटकातून गन सासूबाईंपुढे धरली.

"आई, ही तुम्ही करा."

"वहिनी!" नणंद पुढे झाली. "डोकं ठिकाणावर आहे का? तिच्या हातात मशीन?"

"हे झटका देत नाही वन्सं. पेट्रोलवाल्यानं मला दोन पावलं मागे ढकललं होतं, भावजींना विचारा. हे पेलेल त्यांना. बसूनच करायचंय."

सगळ्यांनी दिराकडे पाहिलं. त्यानं पिवळ्या मशीनकडे पाहिलं. "पेलेल," तो म्हणाला. "इलेक्ट्रिक आहे."

नवऱ्यानं खुर्ची आत घेतली, धुतलेल्या पहिल्या फरशीवर चारही पाय टेकवून ठेवली, आधार देत आईला आणून बसवलं आणि पाठ धरून उभा राहिला. सासूबाईंनी गन दोन्ही हातांनी घेतली. "कुठे दाबायचं?"

"इथे. तिरपं धरा. पुठ्ठा सोडवतो तसं."

"मला शिकवतेस?" त्यांनी चाप दाबला. पाणी सुरू झालं. पहिला पट्टा वाकडा गेला, दुसरा सरळ. काळ्या दगडातून एक फिकट रेघ निघाली, तिच्याशेजारी दुसरी. सासूबाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. मग त्या ओठांतल्या ओठांत गुणगुणायला लागल्या, आणि मशीन त्यांच्यामागे सूर धरून राहिलं. अर्धा तास झाला, पंचेचाळीस मिनिटं झाली. मध्ये नवऱ्यानं मोटारीवर हात ठेवून दहा मिनिटं थांबवलं, तर त्या त्याच्यावर खेकसल्या.

शेवटचा कोपरा झाला तेव्हा त्यांनी गन सुनेकडे दिली. "आता तुझी परीक्षा घे बाई," त्या लेकीला म्हणाल्या.

नणंदेनं एक चप्पल त्या फरशीवर ठेवली, भार टाकला, टाच फिरवली. चप्पल हलली नाही. तिनं पुन्हा फिरवली. पुढच्या फरशीवर गेली, तिथेही. दारापर्यंत गेली, दारातून माघारी आली. मग गाडीचं मागचं दार उघडून आईची पिशवी बाहेर काढली.

"औषधं पिशवीत आहेत, वहिनी. रात्रीची गोळी जेवणानंतर. आणि हे शेवाळ महिन्याभरात पुन्हा..."

"येऊ दे," सासूबाई वॉकर पुढे टाकत म्हणाल्या. "आम्ही दोघी आहोत." आणि कोणाचाही हात न धरता त्यांनी दुसऱ्या फरशीवर पाय ठेवला.